‘नको’ म्हणण्याचे शिक्षण

गेल्या महिन्यात सात वर्षांच्या नातवाची दुधाची दाढ रात्रभर ठणकली. सकाळी त्याला दंतमहाविद्यालयात नेले. ‘‘चांगलं स्ट्राँग औषध लिहून द्या,’’ मी समोरच्या इंटर्न मुलीला सांगितले. तिने गालावर सूज आहे का, ताप आहे का, ते पाहिले आणि म्हणाली, ‘‘आजोबा, अँटिबायोटिक नको. दाढेवरच उपचार करायला हवेत.’’ खरे सांगतो, मी नाराज झालो. औषध न देणारा डॉक्टर आपल्याला अपुराच वाटतो!

बरोबर तीच होती. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली, की दात ठणकतो. ते दुखणे अँटिबायोटिकने जात नाही; कीड काढावी लागते, नसेवर उपचार करावे लागतात, नाहीतर दात काढावा लागतो. सूज चेहऱ्यावर पसरली, ताप आला, तर मात्र हे औषध हवेच. तेही मुलाच्या वजनाच्या हिशेबाने. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा म्हणजे मुलांचा डोस नव्हे. टेट्रासायक्लीनसारखे औषध तर आठ वर्षांखालच्या मुलांच्या वाढत्या दातांवर कायमचे डाग पाडू शकते.

विद्यार्थ्यांना हे शिकवत नाहीत असे नाही. पण औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी आणि बालदंतचिकित्सा शेवटच्या वर्षी. पेपरात औषधांची नावे बिनचूक लिहिणारा विद्यार्थी रडणारे मूल आणि घायकुतीला आलेले पालक समोर दिसले, की गोंधळतो. लिहून देणे सोपे, नाकारणे अवघड. बँकेत कर्जाच्या अर्जांचे तसेच असे. मंजुरीची सही कोणीही शिकतो. नकाराचे कारण समोरच्याला नीट पटवून देणारा अधिकारी तयार व्हायला वर्षे लागतात.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे बनतात. ही औषधे म्हणजे सर्वांच्या संयुक्त खात्यातली ठेव आहे. आज विनाकारण काढलेली रक्कम उद्या एखाद्या न्यूमोनिया झालेल्या बाळाला कमी पडेल.

म्हणून दंतवैद्यकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक तरी रुग्ण असा असावा, ज्याचे बरोबर उत्तर ‘अँटिबायोटिक नको’ हे असेल आणि ते पालकांना समजावून सांगण्याला गुण असावेत. आपली परीक्षा त्याहून सोपी आहे: ते उत्तर ऐकून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढायची नाही.

नातवाची दाढ त्या दिवशी साफ झाली. रात्री तो शांत झोपला. मी मात्र बराच वेळ जागा होतो.