फिल्टर मोठा, पाईप जुनाच

मागच्या महिन्यात फजरला उठले, तर बैठकीच्या खोलीत पाणीच पाणी. पाणी येत होतं अब्बांच्या माशांच्या टाकीतून. माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे अब्बाच म्हणतो. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा दिवस पलंगाशेजारच्या त्या काचेच्या टाकीपुढे जातो. बोलणं जवळजवळ थांबलंय, पण सकाळी बोटाने मासे मोजतात. पाच गोल्डफिश.

गोल्डफिश घाण फार करतात. जुना फिल्टर पुरेना, म्हणून धाकट्याने ईदीचे पैसे घालून टाकीखाली ठेवायचा मोठा डबा-फिल्टर आणला. आमची टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास. तासाला याच्या पाचपट पाणी फिरलं तर बरं. खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र आत स्पंज नसतानाचा असतो. घरी तेवढं पाणी कधीच फिरत नाही, तेव्हा थोडा मोठाच घ्यावा.

चूक पुढे झाली. नव्या फिल्टरची तोटी १६ मिलिमीटरची, आणि घरचा पाईप आतून १२. मुलाने पाईपचं टोक गरम पाण्यात मऊ केलं आणि जोर लावून तोटीवर चढवलं. गरम पाण्याची युक्ती खरी आहे, पण ती योग्य मापाच्या पाईपासाठी. ताणलेला पाईप हळूहळू सरकत राहिला आणि रात्री सुटला. नसता सुटला तरी फायदा नव्हता: १६ च्या पाईपात पाण्याला १२ च्या पावणेदोन पट जागा मिळते. अरुंद पाईप लावला, तर मोठ्या पंपाचे पैसे वाया.

पाईपावर १२/१६ असं छापलेलं असतं. पहिला आकडा आतला, दुसरा बाहेरचा. आमच्याकडे दोन्हीत १६ होता, तिथेच मुलगा फसला. हार्डवेअरच्या दुकानात पाईप इंचात मिळतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो १२ च्या तोटीवर सैल बसतो. पाच अष्टमांश इंच मात्र १६ च्या अगदी जवळ आहे. माप सांगत बसण्यापेक्षा तोटीच न्यावी आणि तिथेच बसवून बघावी. वर क्लिप आवळावी. पण माप चुकलं असेल तर क्लिप ते झाकत नाही.

अब्बा चांगले हिंडत-फिरत होते तेव्हा मुलांना फराहबागेत नेत. १५८३ मध्ये पूर्ण झालेला तो निजामशाही महाल हौदाच्या मधोमध उभा आहे. हौद आता कोरडा. नगरात तेव्हा कापूरवाडीकडून खापरी नळांतून पाणी येई, हे ते कौतुकाने सांगत. नळ कधी मधे फुटत नाही, सांध्यावर फुटतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या रात्री ते जागे होते. हाक मारता येईना, म्हणून चांगल्या हाताने पलंगाच्या दांडीवर ठोकत राहिले. आम्हाला ऐकू आलं नाही. पाणी ओढणारी नळी पार तळाला होती, त्यामुळे टाकीत चार बोटं पाणी उरलं. एक मासा गेला.

आता ती नळी तळापासून सहा इंच वर आहे. पाईप सुटला तरी तेवढं पाणी राहील. विजेची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन सोडली आहे, म्हणजे थेंब ओघळला तरी जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. आणि जुना फिल्टर महिनाभर नव्याच्या जोडीला चालू ठेवलाय. त्याच्या काळपट स्पंजातच माशांची घाण पचवणारे जीवाणू असतात. तो नळाखाली स्वच्छ धुवायचा मोह मलाही झाला होता; पण नळाच्या क्लोरीनने ते मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात नुसता पिळावा.

अब्बांच्या उशाशी आम्ही एक घंटी बांधली आहे. सकाळी चार मोजून झाले की पाचवं बोट तसंच वर राहतं. शुक्रवारी धाकटा नवा मासा आणणार आहे.