मोर्चातले लाटणे आणि घरातले

१९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने स्त्रियांची संयुक्त आघाडी उभी राहिली आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातील साधे साधन लढ्याचे चिन्ह झाले, याचा चळवळीतील पुरुषांना रास्त अभिमान वाटला. परंतु मोर्चा संपल्यावर ते लाटणे पुन्हा कोणाच्या हाती गेले, हे फारसे कोणी विचारले नाही. तेल महागले की झळ बाईला लागते, कारण चूल तिची, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. मृणालताईंना लोक प्रेमाने ‘पाणीवाली बाई’ म्हणत. पाणी हे बाईचेच खाते, हा समज त्या प्रेमातही दडलेला होता.

हा समज कोणत्याही पाठ्यक्रमाविना मुरतो. पाहुणे आले की पाणी आणायला बहीण उठते, भाऊ वडिलांजवळ बसून राहतो. रडला तर ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे ऐकतो. पुढे अंगवळणी पडलेले तेच स्वभाव म्हणून मिरवते. यात त्या मुलाचेही नुकसान आहेच. नोकरी गेली की त्याला चारचौघांत तोंड दाखवण्याची लाज वाटते. त्याहून अधिक लाज रिकाम्या वेळात भांडी घासताना कोणी पाहील याची!

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, घरकाम करणारे पुरुष ८८. २०१९ साली हे आकडे २९९ आणि ९७ होते. बाईची दहा मिनिटे वाचली, ती पुरुषाने वाटा उचलल्यामुळे खचित नव्हे. त्याचीही नऊ मिनिटे घटलीच आहेत.

समाजवादी कार्यकर्त्याचे घर याला अपवाद आहे काय? समतेचा ठराव एकमताने संमत होतो आणि चहा ठेवायला उठते ती ठराव मांडणारीच. शिबिरात पाळीप्रमाणे भांडी घासणारा तरुण घरी ताट जागेवर सोडून उठतो. म्हणजे हाताला काम येत नाही, ही सबब उरत नाही. शाखेची बैठक सायंकाळी सातला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी ठेवली जाते आणि इतिवृत्तात नोंद होते की महिला सभासदांची उपस्थिती असमाधानकारक होती. पुढील बैठकीची वेळ ठरवताना शाखा-चिटणिसांनी पुरुष सभासदांना एवढे तरी विचारावे : त्या संध्याकाळी आपल्या घरी स्वयंपाक कोण करणार आहे? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात नोंदवावे.