हवा मारण्याची सवय सोडावी

खरिपाच्या पेरणीपूर्वी ट्रॅक्टर कार्यशाळेत नेऊन साफ करून घेण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. नागपूरच्या नंदनवन भागातील कार्यशाळा असो वा उमरेड-कुहीकडील एखादे खेडे असो, यंत्राची साफसफाई आटोपली की धुळीने माखलेला चालक कारागिरापुढे उभा राहतो व "जरा अंगावर हवा मार, भाऊ" असे सांगतो. ही सवय निरुपद्रवी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वारा तो वारा, त्याने काय होणार, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा सामान्यतः दर चौरस इंचास १०० पौंड किंवा त्याहून अधिक दाबाने कोंडलेली असते. तिच्या झोताने उडालेला लोखंडाचा कीस डोळ्यात रुतू शकतो. जखमेवाटे हवा कातडीखाली वा रक्तात शिरल्यास प्राणावर बेतते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या हडपसर औद्योगिक वसाहतीत थट्टेच्या भरात शरीरात हवा सोडल्यामुळे एका सोळा वर्षांच्या मुलास प्राण गमवावे लागले. अशी थट्टा म्हणजे अपराधच होय.

केवळ कामगाराच्या निष्काळजीपणास दोष देऊन भागणार नाही. हत्यारच निर्धोक करणे ही मालकाची जबाबदारी आहे. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांनुसार सफाईसाठी वापरावयाच्या हवेचा दाब ३० पौंडांहून कमी असावा लागतो. शिवाय उडणारा कीस अडविण्याची व्यवस्था व कामगारास संरक्षक साधने असावी लागतात. आपणही हाच दंडक पाळावा. त्यासाठी दाब-नियंत्रक बसवावा. टोक बंद झाल्यास हवेला बाजूने वाट मिळेल, अशी छिद्रे असलेली ब्लो-गन घ्यावी आणि चाप सोडताच हवा थांबते की नाही, हे रोज तपासावे.

काम करताना डोळ्यांस चष्मा लावावा व आसपासच्या माणसांस दूर करावे. एअर फिल्टर कमी दाबाने आतून बाहेर झाडावा. नळी सोडण्यापूर्वी कॉम्प्रेसर बंद करून नळीतील हवा काढून टाकावी. भरलेली नळी सुटल्यास सापासारखी फटकारे मारते. अंगावरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी. झोतामुळे कातडी सुजली वा डोळ्यास इजा झाली, तर जखम लहान दिसते म्हणून घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

ग्रामसेवकांनी ट्रॅक्टर-मेळाव्यात बियाण्याबरोबर या विषयाचीही चर्चा करावी. दाब-नियंत्रकास पैसे पडतात हे खरे; परंतु गेलेला डोळा कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. तेव्हा पुढच्या खेपेस कोणी "हवा मार" म्हणाल्यास कारागिराने नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा, आणि शेतकरी बंधूंनी त्या नकाराचा राग मानू नये.