बोलणे तिचे, आवाज त्याचा

अमेरिकेत एनबीसीवर १९९१ ते १९९३ या काळात ‘रीझनेबल डाउट्स’ ही मालिका चालली. मार्ली मॅटलिन सरकारी वकील, मार्क हार्मन पोलीस डिटेक्टिव्ह. मॅटलिन दीड वर्षाची असल्यापासून बहिरी आणि २१व्या वर्षी ऑस्कर मिळवलेली. कौतुक करणारे इथेच थांबतात.

नायकाला सांकेतिक भाषा येते, कारण त्याचे वडील बहिरे, अशी सोय कथेत करून ठेवलेली. सोय कोणाची? ऐकणाऱ्या प्रेक्षकांची! ती हातांनी बोलणार आणि बऱ्याचदा तो ते मोठ्याने उच्चारणार. विचार बाईचा, आवाज पुरुषाचा. खाली सबटायटल द्यायला काय हरकत होती? वाचायचे कष्ट आम्हाला नकोत, एवढीच ना?

तरीही तिथे बहिऱ्या बाईचे काम बहिरी बाईच करत होती, तेही कीव मागणारे नव्हे. आपल्याकडे ‘कोशिश’मध्ये (१९७२) संजीवकुमार आणि जया भादुरी, ‘खामोशी’त (१९९६) नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास. चौघेही ऐकू येणारे. आपण डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. अभिनय म्हणजे दुसऱ्याचे सोंगच, असे कोणी म्हणेल. मान्य. पुढच्या वेळी आधी बहिऱ्या नटांना बोलावून पाहा, मग सोंगाचे बोलू.