आपली चिप झोपते का?

स्वदेशी प्रोसेसरची बातमी आली की तीन गोष्टी हमखास छापल्या जातात: किती नॅनोमीटर, किती मेगाहर्ट्झ आणि देश किती स्वावलंबी झाला. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. काम नसताना ही चिप आणि तिला जोडलेली उपकरणे किती वीज खातात? या प्रश्नाला बगल देऊन केलेले कौतुक अपुरे आहे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी ते मुकाट्याने स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

मी चेन्नईत काम करतो, म्हणून उदाहरण इथलेच घेतो. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पाने रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर प्रोसेसर रचले. २०१८ मध्ये ‘राइसक्रीक’ इंटेलच्या २२ नॅनोमीटर प्रक्रियेवर, तर ‘रिमो’ आपल्याच सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर घडला. २०२० मध्ये वस्तूंच्या इंटरनेटसाठी ‘मौशिक’ आला. हे यश निर्विवाद आहे. परंतु आज्ञासंच वीज वाचवत नाही. रिस्क-फाइव्हमध्ये ‘इंटरप्ट येईपर्यंत थांब’ अशी एक आज्ञा आहे. ती मिळूनही प्रोसेसर न थांबता पुढे गेला, तरी मानकाचा भंग होत नाही. बाहेरचे सेन्सर, रेडिओ, मेमरी कार्ड यांना कधी निजवायचे, याचा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला आणि त्यातील ड्रायव्हरना घ्यावा लागतो.

लिनक्समध्ये यासाठी २००९ पासून ‘रनटाइम पॉवर मॅनेजमेंट’ ही चौकट आहे. तत्त्व साधे आहे. प्रत्येक उपकरणामागे एक गणक असतो. वापर सुरू करताना ड्रायव्हर तो एकने वाढवतो, वापर संपला की एकने घटवतो. गणक शून्यावर आला आणि ठरलेला अवधी शांततेत गेला, की कर्नेल उपकरणाला निजवण्याची सूचना देतो. मग ड्रायव्हर रजिस्टरमधील आवश्यक माहिती जपून ठेवतो, घड्याळाचे स्पंद थांबवतो, शक्य असल्यास वीजपुरवठाही तोडतो. हा अवधी ठरवण्यातही भौतिकी आहे. निजवण्याला आणि उठवण्याला ऊर्जा लागते. विसावा फारच अल्प असेल तर निजवणे तोट्याचे ठरते.

आता चूक कुठे होते ते पाहा. एखाद्या ड्रायव्हरने त्रुटीच्या वाटेवर गणक घटवलाच नाही, तर तो पुन्हा कधीच शून्यावर येत नाही. उपकरण जागे राहते. सर्वसाधारणपणे पोटचे उपकरण जागे असेपर्यंत वरचेही झोपत नाही, म्हणून ज्या बसवर ते बसवले आहे तिचा नियंत्रकही जागतो. पडद्यावर मात्र सारे सुरळीत दिसते. अशा चुका नवशिक्यांपुरत्या मर्यादित नाहीत. लिनक्सचे ‘गेट सिंक’ हे फंक्शन उपकरण उठवण्यात अयशस्वी झाले तरी गणक वाढवून ठेवते. या सापळ्यात इतके ड्रायव्हर अडकले, की २०२० मध्ये अपयश आल्यास गणक आपणहून पूर्ववत करणारे निराळे फंक्शन आणावे लागले.

याची किंमत आकड्यांत मांडू. समजा, शेतातल्या एका मापकाला २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे. जागेपणी तो २० मिलिअँपिअर घेतो, झोपेत ०.०२. सतत जागा राहिला तर १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत बॅटरी संपेल. एकूण वेळेच्या एक टक्काच जागला तर सरासरी सुमारे ०.२२ मिलिअँपिअर पडते आणि तीच बॅटरी (तिची स्वतःची गळती सोडल्यास) वर्षाहून अधिक टिकते. चिप तीच, नॅनोमीटर तेच. फरक ड्रायव्हरमधल्या एका ओळीचा.

यावर नेहमीचे उत्तर असते: आधी चिप तर होऊ द्या, सॉफ्टवेअर नंतर पाहू. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्याच चुकीचे आहे. चिपचा कोणता भाग स्वतंत्रपणे बंद करता येईल, हे आराखड्यातच ठरते. जिथे स्विच ठेवलेलाच नाही, तिथे उत्तमातला उत्तम ड्रायव्हरही हतबल असतो. म्हणून ड्रायव्हर लिहिणारा माणूस आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून शेजारी बसलेला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रक्षेपकावरील प्रोसेसरला काही मिनिटांच्या उड्डाणात झोपेची गरज नसते, तिथे अचूक वेळेत प्रतिसाद हाच धर्म. मान्य. पण तो निकष वर्षानुवर्षे शेतात, खांबावर किंवा मीटरच्या पेटीत राहणाऱ्या उपकरणांना लावता येणार नाही, आणि ‘मौशिक’सारख्या चिपचे क्षेत्र तेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढची घोषणा वाचाल तेव्हा तीन आकडे मागा: निष्क्रिय अवस्थेतील वीजवापर, झोपेतून उठण्यास लागणारा वेळ, आणि चिपचे किती ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य शाखेत दाखल झाले. आणि तुमच्यापैकी कोणी ड्रायव्हर लिहीत असेल, तर ‘हे संशोधन नव्हे’ असे म्हणणाऱ्याला वरचे गणित दाखवा. चार दिवसांचे वर्ष करणाऱ्या कामाला संशोधन म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाची व्याख्याच तपासायला हवी.