निवड न झालेल्यांचा खेळ

गंगापूर रोडवर पहाटे सरावाला जाणाऱ्या आम्हा मुलांना एकच प्रश्न ऐकावा लागतो : "पुढे काय?" भारतीय संघात खेळणार अकराच, मग बाकीच्यांचा घाम फुकटच का? मला हे मान्य नाही.

२०२५ साली निवर्तलेले पद्माकर शिवलकर आठवा. प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी! १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे ८ गडी त्यांनी अवघ्या १६ धावांत टिपले. परंतु डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती. शिवलकरांना एकही कसोटी लाभली नाही. तरी चाळिशी उलटल्यावरही ते मुंबईसाठी गोलंदाजी करीत राहिले.

मित्रहो, निवड दुसऱ्यांच्या हाती असते. चेंडूचा टप्पा मात्र आपल्याच हाती. उद्याही आम्ही सरावाला जाऊ.