मताचा तोल आणि श्रावकाचा विवेक

व्यापारी घरात पारख करण्याची सवय लहानपणापासून लागते. माल घेताना नमुना पाहावा, उधारी देताना चार ठिकाणी चौकशी करावी, भागीदारी करताना माणसाचा पूर्वेतिहास विचारावा, हे कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र हेच घर मतदानाच्या दिवशी ही सवय उंबरठ्याच्या आत ठेवून बाहेर पडते. थोरल्यांनी सांगितले म्हणून, उमेदवार ओळखीचा म्हणून, समाजात तशी हवा आहे म्हणून मत दिले जाते. शंभर रुपयांच्या मालासाठी जी चौकशी होते, तेवढीही पाच वर्षांच्या कारभारासाठी होत नाही.

मराठीत ‘मत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक विचार, दुसरा कौल. पहिल्यावाचून दिलेला दुसरा पोकळ असतो, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. जैन दर्शनाने या विषयात फार मोठे साधन हाती दिले आहे. वस्तू अनंतधर्मात्मक आहे, प्रत्येक कथन एका नयाने खरे असते, म्हणून दुसऱ्याच्या बाजूने पाहिल्यावाचून निर्णय करू नये, ही अनेकान्ताची शिकवण. मात्र ‘सगळेच पक्ष सारखे, कोणालाही द्या’ असा तिचा अर्थ काढणे हा आळस आहे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या दृष्टान्तात प्रत्येकाची चूक एका अवयवावर थांबण्याची होती. हत्ती नाहीच, असे त्या दृष्टान्तात कोणी म्हटलेले नाही. सर्व बाजू पाहाव्यात त्या निश्चयापर्यंत पोहोचण्यासाठी.

विवेकाने मत देण्याचा प्रश्न या देशात सर्वांत ठळकपणे पुढे आला तो १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे त्या वर्षी ३ मे रोजी निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी स्वतंत्रपणे उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी पाठिंबा दिला तो चिंतामणराव देशमुख यांना. रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडणारे देशमुख मराठी माणसाला परके नव्हते.

त्याच दिवसांत, १९ जुलै रोजी, १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. मुंबईच्या बाजारपेठेत त्यावरून दोन तट पडणे स्वाभाविक होते. ज्यांची पत मोठी आणि जुन्या बँकांशी घरोबा, त्यांना ते संकट वाटले. बँकेचे दारच ज्यांना परके होते अशा लहान दुकानदाराला त्यात कर्जाची आशा दिसली. दोन्ही बाजूंत तथ्य होते. बँका पुढे गावोगावी पोहोचल्या हे खरे, आणि कर्जवाटपात राजकीय दबाव शिरला हेही खरे.

पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराऐवजी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले. या निवडणुकीत मतदान गुप्त असते. आमदार-खासदारांनी १६ ऑगस्ट रोजी मते दिली. पहिल्या पसंतीची मते अशी होती : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य हवे होते. ते कोणालाच मिळाले नाही. मग दुसऱ्या पसंतीची मते मोजली गेली. देशमुखांच्या मतदारांपैकी बहुतेकांची दुसरी पसंती रेड्डी होती, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. विजयाची रेषा गिरींनी ओलांडली ती दोन हजारांहूनही कमी मूल्याने.

या निवडणुकीतून सामान्य मतदाराने दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, देशमुखांची योग्यता निर्विवाद असूनही ते तिसरे आले. उमेदवाराची गुणवत्ता आणि त्याच्यामागचे बळ या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोन्ही तोलाव्या लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे बँका, कर, जमीन यांबाबत तिघांचे स्वतःचे विचार काहीही असले, तरी धोरण ठरविण्याचा अधिकार त्या पदाला नव्हता. मते उमेदवारांना पडत होती, पण खरा सामना त्यांच्यामागच्या धोरणांचा होता. पदाचा अधिकार कोठवर पोहोचतो हे ओळखल्यावाचून आश्वासनाची किंमत ठरत नाही.

हे सूत्र काळाचौकीला लावून पाहावे. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर या वस्तीचा दिवस चालत असे आणि किराणा, कापड, भांडी यांच्या दुकानांची उधारी कामगाराच्या पगारावर फिटत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत १९८४ मध्ये मोठ्या काँग्रेस लाटेतही लोकसभेवर निवडून गेले. लोकांनी मनापासून दिलेला तो कौल होता. तरीही एका खासदाराच्या हाती संपाचा निकाल बदलणे नव्हते. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे ठरले ते राज्य सरकारच्या विकास नियंत्रण नियमावलीने. १९९१ च्या नियमानुसार जमिनीचा साधारण एक-तृतीयांश भाग महापालिकेला, एक-तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. नियमातील थोड्या शब्दांनी एका वस्तीचे गिऱ्हाईक, भाडे आणि भविष्य बदलले. किती दुकानदारांनी त्या काळात उमेदवाराला या नियमाबद्दल विचारले असेल?

आजही प्रश्न तसेच आहेत, केवळ नावे बदलली. काळाचौकीचा मतदार शिवडी विधानसभा आणि मुंबई दक्षिण लोकसभा मतदारसंघात येतो. नागरी कारभार महापालिकेच्या एफ दक्षिण विभागाकडे आहे. रस्ता, गटार, कचरा, दुकानाचा परवाना, फेरीवाले हे नगरसेवकाच्या कक्षेतले विषय. पागडीची दुकाने, उपकरप्राप्त इमारती, अभ्युदयनगरसारख्या म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास, भाडे नियंत्रण कायदा हे राज्याचे विषय. तेथे आमदाराची भूमिका विचारावी. आयकर, बँका, आयात-निर्यात यांसाठी खासदार. वस्तू व सेवा कराचा निर्णय तर कोणा एकाचा नाही. १ जुलै २०१७ पासून मुंबईतील जकात गेली आणि हा कर आला. त्याच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश आणि निर्णयासाठी तीन-चतुर्थांश बहुमत लागते. म्हणून ‘निवडून आलो की कर कमी करीन’ असे सांगणारा नगरसेवकपदाचा उमेदवार, गोदामात नसलेल्या मालाचा सौदा करीत असतो. अशा सौद्यावर व्यापारी विश्वास ठेवील काय?

पारख करण्याची साधने आता प्रत्येकाच्या हाती आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. निवडणूक आयोग ही शपथपत्रे सर्वांसाठी खुली करतो. ताळेबंद वाचणाऱ्या घराला ती वाचणे अवघड नाही. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र आणि आजचे शेजारी ठेवले, तरी पुष्कळ काही कळते. त्यासोबत जाहीरनाम्यातील प्रत्येक आश्वासनापुढे तीन प्रश्न लिहावेत : हे या पदाच्या अधिकारात आहे काय? याचा पैसा कोठून येणार? याचा भार कोणावर पडणार? तिसरा प्रश्न श्रावकाने विसरू नये. आपल्या दुकानाचा लाभ पाहताना त्याच इमारतीतील भाडेकरू, दुकानातील नोकर, पदपथावरील भाजीवाली यांचे काय होणार, हे पाहणे हाही अहिंसेचाच भाग आहे.

येथे समाजाच्या एकगठ्ठा मताचाही विचार करणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १४ लाख जैन आहेत, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. ही संख्या पाहून उमेदवार संघाच्या दारी येतात. पर्युषणातील कत्तलखाने, तीर्थांचे रक्षण, जीवदया यांबाबत त्यांना प्रश्न जरूर विचारावेत; तो मतदाराचा हक्क आहे. परंतु धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याने निषिद्ध आहे आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्या निर्बंधाचा अर्थ अधिक व्यापक केला. एका विषयावर गोड बोलून बाकी नऊ विषयांत गप्प राहणारा उमेदवार समाजाचा हितचिंतक ठरत नाही. हत्तीचे एकच अंग दाखवून तो संपूर्ण हत्ती विकत असतो.

घरातील मताचेही तसेच. एका छताखाली सहा मतदार असले म्हणजे सहा मते एका दिशेने जावीत, अशी रूढी अनेक घरांत आहे. वडिलांना पागडीच्या दुकानाची चिंता, मुलाला कराच्या विवरणपत्रांची, सुनेला शाळेची आणि रात्रीच्या सुरक्षित रस्त्याची, आजीला महापालिकेच्या रुग्णालयाची. हे सर्व नय खरे आहेत. जेवणानंतर ते एकमेकांपुढे मांडले, तर प्रत्येकाचे मत समृद्ध होईल. पण मतदानयंत्रापुढे प्रत्येक जण एकटाच असतो आणि तसेच असावे. कायद्याने मत गुप्त ठेवले आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांपासूनही.

आचार्य तुलसी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनाच्या आचारसंहितेत निवडणुकीत अनैतिक आचरण न करण्याचे व्रत आहे. मतासाठी पैसा किंवा वस्तू घेणे हा अचौर्याचा भंग आहे आणि देणाऱ्याकडे डोळेझाक करणे हे त्यास अनुमोदन. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारांनी कर्म बांधले जाते, हे श्रावकाला सांगावे लागू नये. कोणताच उमेदवार योग्य न वाटल्यास २०१३ पासून मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही आहे. मात्र तो विचाराअंती घ्यावा, विचार टाळण्यासाठी नव्हे.

मतदानाच्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडले, तर होणारा तोटा संध्याकाळपर्यंत भरून निघतो. न तोलता दिलेल्या मताची भरपाई मात्र पाच वर्षे होत नाही. आणि गिरण्यांच्या जमिनींसारखा प्रश्न असेल, तर पुढच्या पिढीलाही होत नाही.